चार बाय सातचं बाथरूम, सहा माणसं आणि चौतीस बाटल्या

प्रश्न असा आहे: नाशिकला इंदिरानगरात दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सासू-सासरे. बाथरूम दोन, पण गीझर एकातच, त्यामुळे सहाही जणांची अंघोळ तिथेच. माप ४ बाय ७ फूट, कमोड त्यातच, बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. वापरायला बहुतेक वेळ बोअरचं पाणी. मोजल्या तर चौतीस बाटल्या-डबे निघाले. चिकटवायची रॅक दोनदा भिंतीवरून खाली आली, स्टीलच्या दुसऱ्या रॅकला सहा महिन्यांत गंज चढला आणि पावसाळ्यात दार उघडलं की कुबट वास. दिवाळीला पाहुणे येतील, त्याआधी नवीन कपाट करून घ्यावं की मोठी रॅक आणावी?

ताई, सध्या दोन्ही नको. दिवाळीपर्यंत काहीच विकत आणलं नाही तरी तुमचं बाथरूम निम्म्याहून जास्त मोकळं होईल. बाथरूम ही साठवणीची जागा नव्हे, ओली जागा आहे. वाड्यातल्या न्हाणीत बंब, घंगाळ, पाट, तांब्या आणि कोनाड्यात शिकेकाईची वाटी नि वज्री, एवढंच असायचं. कपडे-पंचा प्रत्येक जण आपापला आत न्यायचा आणि बाहेर आणायचा. आपण न्हाणीला टाइल्स लावल्या आणि तिला खोली समजून त्यात संसार भरला.

सुरुवात भिंत वाचण्यापासून करा. सकाळी शेवटच्या माणसाची अंघोळ झाली की लगेच दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. थेंब चमकतात आणि पाणी कुठपर्यंत उडतं ते नेमकं दिसतं. बादली-मगाने अंघोळ असेल तर शिंतोडे साधारण तीन फुटांपर्यंत चढतात, शॉवर असेल तर समोरची भिंत डोक्यापर्यंत भिजते. ही ओली रेघ पेन्सिलीने हलकीच आखून ठेवा. रेघेच्या आत फक्त अंघोळ करताना हात घालून घ्यायच्या वस्तू. ४ बाय ७ मध्ये रेघेबाहेर उरते ती बहुधा दाराशेजारची दीड-दोन फूट रुंद पट्टी आणि कमोडच्या वरची भिंत. तुमची कोरडी जागा एवढीच आहे, आणि पुढचा सगळा हिशेब तिच्याच जोरावर करायचा.

मग रविवारी अंघोळी उरकल्यावर तीन तास काढा. बाल्कनीत जुनी चादर अंथरा आणि बाथरूम पूर्ण रिकामं करा. बादल्या, पाट, झाडू, दारामागच्या हुकांवरची लक्तरंसुद्धा. आत बसून एकेक बाटली पाहत बसलात तर ती हमखास जागच्या जागी परत जाते. बाहेर उजेडात तिची खरी अवस्था दिसते.

बाटली उघडून वास घ्या, तळाशी छापलेली मुदत वाचा. ‘युज बिफोर’ची तारीख गेली असेल तर विषय संपला. काही बाटल्यांवर उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ एम असं काही लिहिलेलं असतं. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. तळाशी एक बोट उरलेल्या एकाच जातीच्या शाम्पूच्या दोन बाटल्या असतील तर एकीत ओता. वेगळ्या जातीचे शाम्पू मिसळू नका, कधीकधी ते फाटतात आणि दह्यासारखे होतात. त्यापेक्षा तो शाम्पू कंगवे आणि लोकरीचे स्वेटर धुवायला काढा, आठवड्यात संपतो. हॉटेलातून आणलेल्या साबणवड्या, शाम्पूच्या पुड्या, दीड वर्षापूर्वीचा मेंदीचा कोन, केस रंगवायच्या पेटीतले उरलेले हातमोजे यांच्यावर विचार करत बसायचं नाही.

औषधं बाथरूममध्ये एकही नको. गोळ्या-मलमांवर कोरड्या, थंड जागी ठेवा असं छापलेलंच असतं, आणि रोज सहा जणांच्या गरम पाण्याची वाफ लागणारी जागा नेमकी उलट. सासऱ्यांच्या गुडघ्याचं तेल, मलम, पट्ट्या बेडरूमच्या खणात न्या. ट्रिमर, रेझरची जादा पाती, सेल, कापूस, कानकाड्यांनाही तोच न्याय. सॅनिटरी पॅडचा पूर्ण पुडा आत ठेवला की दमट होतो. कोरड्या पट्टीत घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच ठेवा, बाकी कपाटात. वापरलेलं पॅड कागदात नीट गुंडाळून घंटागाडीत ओल्या-सुक्यापासून वेगळं द्या, म्हणजे गाडीवरच्या माणसाला हाताने निवडावं लागत नाही. गंजलेली पाती जाड पुठ्ठ्यात गुंडाळून चिकटपट्टी लावून द्या.

दात घासायचं सगळं बाहेर बेसिनपाशी. कमोड असलेल्या खोलीत ब्रश उघडे ठेवू नयेत, कारण फ्लश करताना सूक्ष्म तुषार उडतात. तुमचं बेसिन बाहेर आहे हे चांगलंच झालं.

आता बादल्या. चार बाय सातमध्ये सहा बादल्या म्हणजे पाऊल ठेवायला जागा नाही. सहा माणसं असली तरी एका वेळी एकच जण अंघोळ करतो. वीस लिटरची एक अंघोळीला, दहा लिटरची एक हाताने धुवायच्या कपड्यांना, बस्स. पोछ्याची बादली बाल्कनीत. एकीत एक घातलेल्या बादल्या टापटीप दिसतात, पण मधल्या फटीत ओल राहते आणि बुडाला काळी बुरशी धरते. पाणी जाईल या धास्तीने पिंप भरून ठेवत असाल तर ते झाकणाचं असू द्या आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून आतल्या कडा घासा. डेंगीचा डास बहुधा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. फुटके मग, जादा बादल्या भंगारवाल्याला द्या. माळ्यावर पितळी बंब असेल तर तो मात्र प्लॅस्टिकच्या भावात घालवू नका. ठेवायचा नसेल तर भांडीबाजारात वजनावर मोड म्हणून घेतात.

इतकं झाल्यावर चादरीवर बहुधा बारा ते पंधरा वस्तू उरतील. त्यांतून रोजच्या तेवढ्याच आत जातील: दोन शाम्पू, एक कंडिशनर, दोन साबण, फेसवॉश, दाढीचं सामान, वज्री. उटणं, केसांचा मास्क, आठवड्यातून एकदा लागणारं तेल यांची एक दांडीची टोपली करा आणि ती पॅसेजच्या कपाटात ठेवा. ज्याला हवी त्याने आत न्यायची, परत आणायची. साठ्याचा नियम साधा आहे: एक चालू, एक शिल्लक. शिल्लक माल माळ्यावर किंवा पॅसेजमध्ये. तीनवर एक फुकटवाली शाम्पूची जोडणी घेतली की चारही बाटल्या बाथरूममध्ये रांगेने उभ्या राहतात आणि चारही एकदम उघडल्या जातात. पसाऱ्याचं मूळ बहुतेक घरांत इथेच असतं.

रॅक का पडली ते पाहू. ६५० मिलिची भरलेली बाटली पाऊण किलोच्या आसपास भरते. पाच बाटल्या, दोन साबण आणि रॅकचं स्वतःचं वजन धरलं तर चार-साडेचार किलो झाले. चिकटपट्टीवर तीन किंवा पाच किलो छापलेलं असलं तरी तो आकडा वजन भिंतीलगत सरळ खाली ओढत असेल तेव्हाचा. रॅक भिंतीपासून चार-पाच इंच पुढे आलेली असते, बाटल्या पुढच्या कडेला असतात, म्हणून पट्टीची वरची कड उचकटत जाते. त्यात टाइलवर साबणाचा न दिसणारा थर, किंवा पट्टी दोन टाइल्सच्या जोडावर आलेली. जोडाच्या खाचेतून मागे पाणी शिरतं आणि गोंद सुटतो. आणि सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे सकाळी चिकटवून संध्याकाळी बाटल्या ठेवणं.

चिकटवायचीच असेल तर अशी चिकटवा. जुना गोंद हेअर ड्रायरने कोमट करा, मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवून काढा. टाइल लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, रात्रभर वाळू द्या. सकाळी स्पिरिट लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि पाच मिनिटं थांबा. पट्टी एकाच टाइलच्या मधोमध बसवून पूर्ण तळहाताने अर्धा मिनिट दाबा, मग चोवीस तास ना वजन ना वाफ. त्या दिवशी अंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये, पाणी गरम करून. टाइल गुळगुळीत, चकचकीत असेल तरच हा खटाटोप. खडबडीत किंवा मॅट टाइलवर आणि रंगाच्या भिंतीवर तो टिकत नाही. रबरी कपाचे हुक तर विसराच.

सहा माणसांच्या रॅकला खरं म्हणजे स्क्रूच हवेत. ड्रिलवाल्याला बोलावलंत तरी उभं राहून चार गोष्टी पाहा. नळ, गरम-गार पाण्याचा मिक्सर, शॉवर आणि गीझरच्या पॉइंटांच्या सरळ वर-खाली, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून, भोक पाडायचं नाही. भिंतीतले पाइप बहुधा त्याच रेषेत असतात. गीझर ते मिक्सर हा पट्टा पूर्ण वर्ज्य. भोक टाइलच्या काठापासून दीड-दोन इंच आत घ्या, काठाला घेतलं की चीर जाते. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलची ठोक बंद ठेवायला सांगा. टाइलचं बिट वेगळं असतं, भिंतीच्याच बिटाने ठोकत सुरुवात केली की पापुद्रा उडतो. सहा मिलिमीटरचं भोक, तीस-पस्तीस मिलिमीटर खोल. त्यातली भुकटी फुंकून काढा, आत सिलिकॉनचा एक थेंब सोडा आणि मग गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी, बसवा. हा थेंब कोणीच घालत नाही आणि भोकातून टाइलमागे झिरपलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर पोपडे होऊन दिसतं. स्क्रूही स्टेनलेसचेच, साधे असले तर तांबड्या रेघा ओघळतात.

गंजाचं म्हणाल तर दोष दोन ठिकाणी असू शकतो. बाजारातली स्वस्त स्टीलची रॅक बहुधा २०२ ग्रेडची, बाथरूमला ३०४ हवी. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, त्याला भुलू नका. दोन्ही ग्रेडना चुंबक फारसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. पण त्याआधी एक पाहा: संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली किंवा ब्लीचिंग पावडरचा पुडा त्याच रॅकवर किंवा तिच्याखाली होता का? झाकण घट्ट असलं तरी त्यांची वाफ थोडीथोडी निघत राहते आणि क्लोरीनच्या संगतीत चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात, नळाचं क्रोम काळवंडतं. अशी संगत असेल तर ३०४ ची रॅकसुद्धा फार दिवस उजळ राहणार नाही.

या बाटल्यांबद्दल जरा सावकाश वाचा. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकमेकांच्या शेजारी ठेवायचं नाही, एकामागून एक ओतायचं तर मुळीच नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद दाराच्या अठ्ठावीस चौरस फुटांत तो छातीत जायला वेळ लागत नाही. लिंबूसत्त्व आणि व्हिनेगर हीही अ‍ॅसिडंच. अ‍ॅसिड सुक्या बाल्कनीत कुलपाच्या खणात, ब्लीच दुसऱ्या जागी, दोन्ही मुलांच्या हाताबाहेर. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत अ‍ॅसिड भरून ठेवायची सवय असेल तर आजच मोडा.

आता उंची. इथे बहुतेक जण डोळ्यांना बरं दिसेल तिथे रॅक लावतात. सासूबाई स्टुलावर बसून अंघोळ करत असतील तर त्यांचा साबण जमिनीपासून २८-३० इंचांवर हवा, नाहीतर त्या ओल्या फरशीवर उठून उभ्या राहतील. उभ्याने अंघोळ करणाऱ्यांसाठी ४५-४८ इंच. रॅकची खोली पाच इंचांपेक्षा जास्त नको, चार फूट रुंदीत कोपर आपटतं. खालच्या कप्प्यात दहा इंच उंची मोकळी, वरच्यात सात पुरते. माणशी एक वीत जागा, नाव घालून. मुलांना ही हद्द फार आवडते, आणि आपल्या वितीत न मावणारी बाटली कोणाची यावर भांडण होत नाही. मुलांचे हुक ४२ इंचांवर, मोठ्यांचे साडेपाच फुटांवर, सगळे कोरड्या पट्टीत. टॉवेल मात्र वाळत बाल्कनीतच, हुक अंघोळीपुरता.

टॉवेलच्या दांडीबद्दल एक इशारा. घरात साठीपुढची माणसं असतील तर पाय घसरला की हात आपोआप त्या दांडीला जातो, आणि ती दोन बारीक स्क्रूंवर असते. तिच्याऐवजी किंवा तिच्याशेजारी खरी आधाराची दांडी ३३ ते ३६ इंचांवर, भक्कम विटेत अँकर बोल्टने बसवा. या सगळ्या कामात पैसे घालायचेच असतील तर पहिले तिथे घाला.

बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळा. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरा लगदा होतो. टाइलवर, मगाच्या आत, रॅकच्या तारांवर बसणारा तो चिकट राप हाच. वस्तू कमी केल्या की राप बसायला जागाही कमी होते. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने सौम्य असतं. शक्य असेल तर टाइल्सवर शेवटची बादली त्याची मारा. रापासाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, पंधरा मिनिटं ठेवून प्लॅस्टिकच्या ब्रशने घासा. शॉवरची जाळी त्यातच तासभर बुडवा. पण कडाप्पा, कोटा, शहाबादी किंवा मार्बल असेल तिथे हे पाणी नेऊ नका. हे दगड चुन्याच्या जातीचे, अ‍ॅसिडने चमक जाऊन खरखरीत होतात. आणि दर आठवड्याला कडक अ‍ॅसिड ओतत असाल तर टाइल्सच्या जोडांतलं सिमेंट खाल्लं जातं, मग खालच्या मजल्यावरचे शेजारी छताचे डाग दाखवायला वर येतात. साबणाची डबी भोकं असलेलीच घ्या. पाण्यात बसलेला साबण निम्मा असाच वाहून जातो.

कुबट वासाचं कारण पसारा आणि बंद हवा, दोन्ही. खिडकीच्या पट्ट्यांसमोर बाटल्या रचलेल्या असतात, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की त्या पट्ट्या कागद लावून बंदही होतात. कागद काढा. सहा इंची एक्झॉस्ट फॅन असेल तर शेवटच्या अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवा, दार बोटभर उघडं ठेवून. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता गुरगुरतो. गीझर गॅसचा असेल तर ही बाब वासाची नाही, जिवाची आहे. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्याला वास नाही नि रंग नाही. गॅसचा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. विजेच्या गीझरच्या पाइपांवर कपडे टाकायचे नाहीत, डोक्यावर डबे ठेवायचे नाहीत आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कशानेही दाबलं जाऊ द्यायचं नाही.

आता फरशीकडे. बादली आणि स्टूल सोडून फरशीवर काहीही टेकता कामा नये. खराटा, वायपर आणि ब्रशसुद्धा भिंतीवर चिमट्याला, डोकं खाली. वायपर फिरवताना एकही वस्तू उचलावी लागत नसेल तर पुसण्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि घरातला कोणीही पुसतो. वस्तू उचलाव्या लागल्या की कोणीच पुसत नाही, आणि शेवटी काम तुमच्यावरच येतं.

कोपऱ्यातल्या जाळीखालचा वाटीसारखा भाग म्हणजे प्लंबर ज्याला नाणी ट्रॅप म्हणतात तो. नाव आपल्या न्हाणीतूनच गेलेलं दिसतं. त्यात दोन इंच पाणी साठून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. शनिवारी जाळी उचलून केस काढा, आतली वाटी धुऊन नीट परत बसवा. वास घालवायला म्हणून ती वाटी काढून ठेवणारी घरं बरीच आहेत, आणि मग झुरळं कुठून येतात हे त्यांना कळत नाही.

ते दुसरं, गीझर नसलेलं बाथरूम वापरात नसेल तर त्याच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात पंधरा दिवसांत आटतं आणि वास तिथून सुरू होतो. दर रविवारी तिथे एक मग पाणी ओता. चार लिटरची शाम्पूची कॅन आणि दिवाळीच्या उटण्याचा साठा तिथे नेऊन ठेवायचा मोह होईल, पण तेही बाथरूमच आहे; पाहुणे आले की त्यांना तिथेच अंघोळ करायची आहे.